शब्दांची खतावणी

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला रोजकीर्द आणि खातेवही यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. दिवसभरात जे व्यवहार झाले, ते झाले त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरतात. सकाळी कोणी रक्कम भरून गेले, दुपारी माल आला, संध्याकाळी हमाली चुकती झाली. सर्व नोंदी तारखेच्या धाग्यात ओवलेल्या असतात. पण अमुक असामीकडे आपले येणे किती, हा प्रश्न उभा राहिला की रोजकीर्द हतबल होते. उत्तर तिच्यातच असते, मात्र शेकडो पानांत विखुरलेले असते. म्हणून आपल्या पूर्वजांनी खतावणीची रीत पाडली. रोजकीर्दीतील प्रत्येक रक्कम उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन ठेवायची. माहितीत एका पैचीही भर पडत नाही, केवळ मांडणी पालटते आणि तेवढ्याने जो शोध तासाभराचा होता तो क्षणाचा होतो.

आज ज्याला ‘मजकूर-विश्लेषण’ म्हणतात, ते तंत्रज्ञान मुळात हेच काम करते. फरक इतकाच की ते रकमांऐवजी शब्दांची खतावणी करते. पत्रे, करारपत्रे, बिले, नोटिसा, निकालपत्रे, ई-मेल हा सारा आपल्या व्यवहाराचा मजकूर काळाच्या क्रमाने साचत जातो. त्यातून नावे, तारखा, रकमा, अटी वेगळ्या काढून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडण्याचे काम आता संगणक करू लागला आहे. पेढीवर, कर सल्लागाराच्या कार्यालयात, वकिलाच्या टेबलावर त्याचा शिरकाव झालेला आहे. त्यामुळे काम खरोखर वाढते का, वाढत असेल तर कोणाचे आणि किती, या प्रश्नाचा विचार व्यापारी कुटुंबांनी शांतपणे करावयास हवा. घरातील तरुण पिढी म्हणते, आता सर्व काही यंत्र करील. ज्येष्ठ म्हणतात, आमच्या मुनीमजींच्या नजरेला यंत्राची सर कशी येणार? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांचेही म्हणणे अपुरे आहे.

शोध, वाचन आणि निर्णय

हाताने वस्तू घडवण्याऐवजी ज्ञानाच्या आधारे काम करणाऱ्या माणसाला व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक वेगळी ओळख दिली. मराठीत आपण त्याला ‘ज्ञानकर्मी’ म्हणू. हा शब्द ऐकून मोठ्या शहरांतील काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात खऱ्या. पण आपल्या आडते बाजारात किंवा दाळमंडईत गादीवर बसून जुनी उधारी, मालाची प्रत आणि गिऱ्हाइकाची पत यांचा मेळ घालणारा मुनीमही अस्सल ज्ञानकर्मीच आहे. सनदी लेखापाल, कर सल्लागार, वकील, बँकेतील कर्जाचे कागद तपासणारा अधिकारी, आणि घरातून दुकानाचा पत्रव्यवहार सांभाळणारी सूनबाई, ही सर्व मंडळी याच वर्गात येतात.

या सर्वांच्या कामाच्या तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी शोधाची: हवा तो कागद, हवे ते कलम, हवी ती नोंद सापडणे. दुसरी वाचनाची: त्या कागदात काय म्हटले आहे ते समजून घेणे. तिसरी निर्णयाची: त्यावरून काय करायचे ते ठरवणे आणि त्याची जबाबदारी घेणे. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या व्यापाऱ्याला वस्तू व सेवा कर विभागाकडून कलम ६१ खालील ‘एएसएमटी-१०’ ही नोटीस आली. विवरणपत्रांतील आकड्यांत तफावत दिसते, तीस दिवसांत खुलासा करावा, असा तिचा आशय. आता दोन-तीन वर्षांपूर्वीची बिले, पुरवठादारांची पत्रे, परत गेलेल्या मालाच्या नोंदी शोधणे आले. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवण्याचे बंधन कायद्याने घातले. म्हणजे शोधाचे रान केवढे मोठे, याची कल्पना यावी. तीस दिवसांपैकी पंधरा-वीस दिवस कागद जमवण्यात गेले, तर विचार करून उत्तर लिहिण्यास किती दिवस उरले?

यंत्राची मदत होते ती प्रामुख्याने पहिल्या पायरीवर. दुसऱ्या पायरीवर ती अर्धीमुर्धी होते. तिसऱ्या पायरीवर माणूसच लागतो. ही विभागणी नीट ध्यानात घेतली नाही, तर यंत्राकडून भलत्याच अपेक्षा केल्या जातात.

पुण्यातील एक कोटी चिठ्ठ्या

शोध आणि निर्णय यांतील कोणते काम अधिक जड, याचे एक विलक्षण उदाहरण नगरहून जेमतेम तीन तासांच्या वाटेवर, पुण्यात, पाहावयास मिळते. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या कल्पनेतून संस्कृत भाषेचा ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला महाकोश आकारास येऊ लागला. ऋग्वेदापासून पुढे सुमारे पंधराशे ग्रंथ घेऊन त्यांतील शब्द, ते जेथे आले त्या वाक्यासह, छोट्या चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. ग्रंथात शब्द कथेच्या किंवा विवेचनाच्या ओघात येतात. चिठ्ठ्यांच्या कपाटात तेच शब्द वर्णक्रमाने बसले. ही शब्दांची खतावणीच होय. संगणकाचा स्पर्शही नसताना विद्वानांनी हाताने केलेले हे मजकूर-विश्लेषण. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली.

चिठ्ठ्या भरण्याचे काम साधारण पाव शतक, १९७३ पर्यंत चालले. प्रत्यक्ष कोशाचे प्रकाशन १९७६ मध्ये डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले. तेव्हापासून तीसहून अधिक खंड निघाले, तरीही कोश ‘अ’ या वर्णाने सुरू होणाऱ्या शब्दांतच आहे. सामग्री गोळा करण्यास पंचवीस वर्षे लागली. तिचा अर्थ लावण्याचे काम त्याच्या सुमारे दुपटीइतका काळ चालूनही पहिल्या वर्णापुढे गेलेले नाही. सर्व चिठ्ठ्या समोर मांडल्या, तरी एखाद्या शब्दाचा अर्थ कोणत्या शतकात कसा वळला हे ठरवण्यास जाणकाराची बैठक लागते. अलीकडे सी-डॅकच्या साहाय्याने ‘कोशश्री’ ही संगणकप्रणाली तयार झाली, जेणेकरून चिठ्ठ्या पडद्यावर पाहता याव्यात आणि अनेक संपादकांना एकाच वेळी काम करता यावे. कपाट उघडून चिठ्ठी काढण्याचा वेळ त्यामुळे निश्चितच वाचेल. अर्थ ठरवण्याचा वेळ मात्र विद्वानाच्या तयारीवरच अवलंबून राहील.

या कथेचा दुसरा धागा आपल्या नगरशी आणि आपल्या समाजाशी जोडलेला आहे. हेच डॉ. घाटगे अर्धमागधी व प्राकृतचे गाढे व्यासंगी होते. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत, जैन साहित्याचा विशेष आधार घेणाऱ्या प्राकृत भाषांच्या बृहत्कोशाचे काम त्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झाले. त्यामागे ‘सन्मति-तीर्थ’ या संस्थेचे आणि नवलमल फिरोदिया यांचे पाठबळ होते. नवलमलजी हे नगरचे विधिज्ञ आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषवलेले कुंदनमल फिरोदिया यांचे पुत्र. स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे बजाज टेम्पोचे संस्थापक. कारखानदारीत रमलेल्या माणसाने शब्दकोशासारख्या, वर्षानुवर्षे चालणाऱ्या आणि बाजारात नफा न देणाऱ्या कामामागे उभे राहावे, याचा अर्थ त्यांनी जाणला होता की ज्ञानाच्या कामाचे मोल दिवसाच्या उलाढालीने मोजता येत नाही. आगमांतील एखादा शब्द आज अभ्यासकाला संदर्भांसह सापडतो, त्यामागे अशा अनेकांची नजर आणि अशा काहींची दानत उभी आहे.

हीच गोष्ट परदेशातही घडली. रोबेर्तो बुसा या इटालियन धर्मोपदेशक अभ्यासकाने संत थॉमस अक्वायनस याच्या ग्रंथांतील एकाच छोट्या शब्दयोगाचा अभ्यास करण्यासाठी हाताने दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्याच्या ध्यानात आले की हे काम एका आयुष्यात उरकणार नाही. १९४९ मध्ये तो आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्याकडे गेला. पुढे सुमारे तीन दशकांच्या परिश्रमानंतर, एक कोटीहून अधिक शब्दांची सूची ५६ खंडांत पूर्ण झाली. मजकूर-विश्लेषणाच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक जण येथून मानतात. आपल्याला त्यातून घ्यायचे ते इतकेच: यंत्र हाताशी आले तरी बुसाला तीस वर्षे लागलीच, कारण कोणता शब्द कोणत्या मूळ रूपाखाली बसवायचा हे माणसांनाच ठरवावे लागले.

यंत्र वाचते म्हणजे काय करते?

यंत्र मजकूर आपल्यासारखा वाचत नाही. ते प्रथम मजकुराचे शब्दांत तुकडे पाडते, प्रत्येक शब्दाचे मूळ रूप शोधते आणि कोणता शब्द कोणाच्या शेजारी किती वेळा येतो याची मोजदाद ठेवते. माणसाची ओळख जशी त्याच्या संगतीवरून होते, तशी शब्दाची ओळख यंत्र त्याच्या सोबत्यांवरून करते. ‘आडत’, ‘तोलाई’ आणि ‘हमाली’ हे शब्द वारंवार एकत्र आले की ते एका कुळातले, असा अंदाज ते बांधते. असे अब्जावधी अंदाज बांधून झाले की ते लांबलचक करारपत्राचा सारांश देते, शंभर पत्रांतून तक्रारीची दहा पत्रे निवडून काढते.

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा अवघड आहे आणि याची जाणीव आपण ठेवली पाहिजे. ‘गहू’ हा शब्द घ्या. विभक्ती लागताच तो ‘गव्हाचा’, ‘गव्हात’, ‘गव्हाने’ असा होतो, अक्षरेच पालटतात. साधा संगणकीय शोध ‘गहू’ मागितल्यावर ‘गव्हाचे पोते’ असलेले बिल दाखवणार नाही. ‘कांदा’ आणि ‘कांद्याची पट्टी’ यांचेही तसेच. त्याहून मौजेचा शब्द म्हणजे ‘नावे’. आपल्या खातेवहीत ‘नावे’ म्हणजे येणे बाजू, जमेच्या उलट. सातबाऱ्यावर जमीन कोणाच्या ‘नावे’ म्हणजे मालकी. आणि यादीतील ‘नावे’ वाचा म्हटले की ती माणसांची नावे. मुनीमजींना यात क्षणभरही अडत नाही. यंत्राला मात्र भोवतालच्या शब्दांवरून तर्क करावा लागतो आणि तो कधी चुकतो.

या दिशेने महाराष्ट्रात चांगले प्रयत्न झालेले आहेत. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे पायाभूत काम केले. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचे ‘वर्डनेट’ उभे राहिले. पुण्यातील ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने २०२२ मध्ये खास मराठी मजकुरावर शिकवलेले ‘महाबर्ट’ हे प्रतिमान सर्वांसाठी खुले केले. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा भाषांतराचा उपक्रम त्याच वर्षी सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही प्रणाली नोव्हेंबर २०१९ पासून वापरात आहे. जुन्या मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर यंत्राकडून करवून घेण्यासाठी रूडकीच्या आयआयटीतील अभ्यासकांनी, पुण्याच्या तरुण संशोधकांच्या सहभागाने, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीतील २,०४३ कागदांच्या प्रतिमांचा संच २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घरांच्या कपाटांत मोडीतील खरेदीखते पडून आहेत, त्यांच्यासाठी ही आशेची गोष्ट आहे.

तरीही वाचन आणि समज यांतील अंतर विसरू नये. मारवाडातून आलेल्या आपल्या पूर्वजांच्या बह्या मुडिया लिपीत असत आणि त्या लिपीत मात्रा गाळून लिहिण्याची रीत होती. ‘काकाजी अजमेर गया’ असे लिहिलेले पत्र घरी ‘काकाजी आज मर गया’ असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली, ही कथा आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. अक्षरे तीच होती. अर्थ लावण्यासाठी काकाजी त्या दिवशी अजमेरला निघाले होते हे ठाऊक असणे आवश्यक होते. यंत्रापाशी अक्षरे असतात. घरची वार्ता त्याला कोणी सांगितली तरच असते.

कोणाचे काम किती वाढते?

अनुमानावर विसंबण्यापेक्षा झालेल्या अभ्यासांकडे पाहू. २०२३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीतील ग्राहकांच्या अडचणी सोडवणाऱ्या ५,१७९ कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यांच्यापैकी काहींच्या हाताशी ग्राहकाचा संवाद वाचून उत्तर सुचवणारी प्रणाली देण्यात आली होती. दर तासाला सुटणाऱ्या तक्रारींची संख्या सरासरी १४ टक्क्यांनी वाढली. पण ही वाढ सर्वांना सारखी लाभली नाही. नवख्या व कमी कौशल्याच्या कर्मचाऱ्यांत ती ३४ टक्के होती; अनुभवी व निष्णात कर्मचाऱ्यांत जवळजवळ नगण्य.

त्याच वर्षी शकेद नॉय आणि व्हिटनी झँग यांनी साडेचारशेहून अधिक पदवीधर व्यावसायिकांना निवेदने, छोटे अहवाल, पत्रे अशी लेखनकामे दिली. ज्यांना यंत्राची मदत मिळाली त्यांचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी वाचला आणि लेखनाचा दर्जाही १८ टक्क्यांनी उंचावला. मात्र ती कामे अशी होती की त्यांत विशिष्ट ग्राहकाची किंवा संस्थेची अंतर्गत माहिती असण्याची गरज नव्हती. पेढीवरील पत्रात नेमकी तीच माहिती मोलाची असते.

पहिल्या अभ्यासातील एक गोष्ट व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी. नवख्यांना जे उत्तर यंत्र सुचवत होते, ते त्याने कोठून शिकले? निष्णात कर्मचाऱ्यांच्या जुन्या संवादांतून. जाणत्यांचे शहाणपण यंत्राने उचलले आणि नवख्यांच्या ओंजळीत टाकले. म्हणजे जेथे जाणत्याचे शहाणपण लिहिलेले होते तेथेच यंत्राला ते वाटता आले.

आता आपल्या पेढीकडे पाहा. तीस-चाळीस वर्षे काम केलेल्या मुनीमजींना ठाऊक असते की अमुक गावचा गिऱ्हाईक दिवाळीपूर्वी पैसे देत नाही, पण पाडव्याला न मागता देतो. अमुक गिरणीची डाळ पावसाळ्यात ओलसर येते. अमुक नावाचे दोन व्यापारी एकाच गल्लीत आहेत आणि त्यांची बिले एकमेकांत मिसळतात. हे ज्ञान कोणत्याही वहीत नसते. ते मुनीमजींच्या डोक्यात असते आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर दुकानाच्या पायऱ्या उतरून निघून जाते. कितीही महाग प्रणाली विकत घेतली, तरी जे कधी लिहिलेच नाही त्याची खतावणी ती करू शकत नाही.

म्हणूनच ‘यंत्र आले, आता मुनीमजींची गरज काय?’ हा हिशेब व्यापारी दृष्टीनेही तोट्याचा आहे. यंत्राचा लाभ ज्या भांडवलातून होतो ते भांडवल मुनीमजींपाशी आहे. ते त्यांनी मोकळ्या मनाने द्यावे असे वाटत असेल, तर त्यांना आपल्या जागेची शाश्वती हवी आणि या शिकवण्याचा योग्य मोबदलाही हवा. ज्याच्या अनुभवावर नव्या माणसांचे काम सोपे होते, त्याला रिकाम्या हाताने निरोप देणे न्यायाला धरून होणार नाही.

दोन धोके

पहिला धोका खोट्या आत्मविश्वासाचा. ही नवी यंत्रे उत्तर ठाऊक नसतानाही ते सफाईदार भाषेत रचून देतात. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी यंत्राने सुचवलेले पूर्वनिकाल न तपासता न्यायालयापुढे मांडले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. येथे शोधाचा वेळ वाचला, परंतु पडताळणीची पायरी गाळली गेली आणि आयुष्यभर कमावलेल्या नावाला बट्टा लागला. नोटिशीच्या उत्तरात चुकीचे कलम किंवा चुकीची तारीख गेली, तर आपली सुटका ‘यंत्राने सांगितले होते’ या सबबीवर होणार नाही. सही आपली असते.

दुसरा धोका विश्वासभंगाचा. गिऱ्हाइकाचा पत्ता, त्याची उधारी, त्याचे बँक खाते हे सारे त्याने आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले असते. सारांश काढून मिळावा म्हणून असा कागद कोणत्याही खुल्या प्रणालीत टाकणे म्हणजे दुसऱ्याची तिजोरी अनोळखी माणसासमोर उघडणे होय. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झाला. पण कायदा नसता तरी पेढीचा धर्म काही वेगळा सांगत नव्हता. गिऱ्हाइकाची गोष्ट गादीवरून खाली उतरता कामा नये, असे जुने लोक म्हणत.

सुरुवात कोठून करावी?

काही साध्या गोष्टी कोणत्याही पेढीला खर्चाविना करता येतील.

नावांना शिस्त लावावी. एकच गिऱ्हाईक कधी पूर्ण नावाने, कधी आद्याक्षरांनी, कधी दुकानाच्या नावाने नोंदला जातो. यंत्राला ती तीन माणसे वाटतात. गावांच्या नावांचेही तेच. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या कागदांत मात्र ‘अहमदनगर’, ‘अ.नगर’ आणि नुसते ‘नगर’ अशी तिन्ही रूपे राहणारच. नव्या नावाने शोध घेतला तर जुने कागद दिसणार नाहीत आणि ते नाहीतच असा समज होईल. ही सर्व रूपे एकाच खात्यावर जोडून ठेवली पाहिजेत. शक्य तेथे १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हीच ओळख मानावी. नावात गफलत होते, क्रमांक एकाचाच असतो.

कागद जन्मालाच सरळ यावा हे पाहावे. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींहून अधिक आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. त्यात प्रत्येक माहितीची जागा ठरलेली असल्याने यंत्राला तर्क करावाच लागत नाही. ऑगस्ट २०२० पासून मिळणारे ‘जीएसटीआर-२बी’ हे विवरणही खरेदीची जुळणी सोपी करते. ज्यांना हे बंधन नाही त्यांनीही बिलावर तारीख, क्रमांक, मालाचे नाव आणि वजन ठरलेल्या जागी व स्वच्छ लिहिले, तर पुढचा निम्मा शोध वाचतो. गिचमिड कागद वाचणाऱ्या हुशार यंत्रापेक्षा सुवाच्य कागद स्वस्त पडतो.

पडताळणीला माणूस नेमावा. यंत्राने काढलेला सारांश हा कच्चा खर्डा समजावा. त्यातील प्रत्येक रक्कम, तारीख आणि कलम मूळ कागदाशी ताडून पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे असावी. दोघांकडे दिलेले काम कोणाचेच नसते.

आणि वाचलेल्या वेळेचा हिशेब मांडावा. हा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो. शोधात जाणारे दोन तास वाचले आणि ते भ्रमणध्वनीवरील निरोप पुढे ढकलण्यात गेले, तर उत्पादकता वाढली असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तो वेळ थकलेल्या गिऱ्हाइकाला समक्ष भेटण्यात, नव्या मालाची पारख करण्यात, मुलाला वा मुलीला शेजारी बसवून व्यवहार शिकवण्यात, किंवा संध्याकाळी वेळेवर घरी जाण्यात लागला, तर तो खऱ्या अर्थाने जमा झाला.

वाचकहो, दिवाळीला आपण वहीपूजन करतो. कोरी वही समोर ठेवून, स्वस्तिक रेखून नव्या वर्षाचा आरंभ करतो. हिशेब आता संगणकात असला तरी ही प्रथा आपल्या घरांतून गेलेली नाही. यंदा त्या वह्यांच्या शेजारी आणखी एक साधी वही ठेवावी. पेढीवरील सर्वांत जाणत्या माणसाने दर आठवड्याला अर्धा तास बोलावे आणि घरातील तरुणाने किंवा तरुणीने ते लिहून घ्यावे: कोणत्या गिऱ्हाइकाशी कसे वागावे, कोणत्या महिन्यात कोणता माल घेऊ नये, कोणता व्यवहार कशामुळे बुडाला आणि कशामुळे तरला. प्रत्येक नोंदीवर सांगणाऱ्याचे नाव असावे. वर्षभरात ती वही भरेल. पुढे ती संगणकात घालायची की कपाटात ठेवायची, हे त्या त्या घराने ठरवावे. तिच्यातील मजकूर मात्र आजच लिहून घ्यावा लागेल, कारण सांगणारे आज आपल्यात आहेत.